हरूनही गुण वाढतात, जिंकूनही घटतात: महिला फुटबॉल क्रमवारीचा हिशोब

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच मैदानावर २० जानेवारी २०२२ ला भारताच्या मुली फुटबॉलही खेळल्या होत्या. आशियाई चषक होता, समोर इराण होता आणि सामना ०-० असा सुटला. मात्र त्या स्पर्धेचा गुणतक्ता आज काढून पाहिला, तर भारताच्या नावापुढे एकही सामना नाही. बरोबरी नाही, हार नाही, गुणही नाही.

खेळलेला सामना तक्त्यातून जातो कुठे? आणि दर तीन-चार महिन्यांनी ‘भारतीय महिला संघाची क्रमवारीत घसरण’ किंवा ‘झेप’ अशी बातमी येते, तो आकडा कोण आणि कसा काढतं? मुलीला फुटबॉलच्या मैदानावर सोडणाऱ्या ठाण्या-नवी मुंबईतल्या पालकांनाही हे कोडं पडतं आणि नियमित सामने पाहणाऱ्यांनाही. हिशोब अवघड नाही. त्याला बेरीज-वजाबाकी आणि एक गुणाकार पुरतो.

कोणता सामना धरतात, कोणता नाही

जागतिक फुटबॉल महासंघ म्हणजे फिफा. महिला संघांची क्रमवारी फिफा २००३ पासून जाहीर करते, वर्षातून साधारण चार वेळा. त्यात फक्त दोन देशांच्या मुख्य, म्हणजे वरिष्ठ संघांमधले सामने धरतात.

इथेच पुष्कळांची गल्लत होते. ३० ऑक्टोबर २०२२ ला नेरुळलाच १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. त्या स्पर्धेत यजमान म्हणून भारताच्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेशी ०-८, मोरोक्कोशी ०-३ आणि ब्राझीलशी ०-५ अशा हरल्या. त्या १६ गोलांमुळे वरिष्ठ संघाचा एक दशांश गुणही गेला नाही, कारण कनिष्ठ गटाचे सामने या हिशोबात येतच नाहीत.

परदेशी क्लबांशी खेळलेले सामनेही धरत नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतीय संघ स्वीडनमध्ये हम्मारबी आणि युरगोर्डन या क्लबांशी खेळला. सरावाला ते फार मोलाचे, पण क्रमवारीसाठी शून्य. राजमाता जिजाबाई करंडकासाठी राज्यांच्या संघांमध्ये होणारी राष्ट्रीय स्पर्धा आणि इंडियन विमेन्स लीग यांचंही तसंच. मैत्रीपूर्ण सामन्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खेळाडू बदलले, तर दोन देशांचा सामना असूनही त्याचा अधिकृत दर्जा जाऊ शकतो. म्हणून सामना ठरवताना दोन्ही महासंघ हा मुद्दा आधीच पक्का करून घेतात.

आधी दहीहंडी डोळ्यांसमोर आणा

ठाण्यात गोकुळाष्टमीला ज्याची नऊ थरांची ख्याती आहे अशा पथकाने सात थर लावून सलामी दिली, तर लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या हंडीकडे वळतात. ज्या पथकाचे सहाच्या वर थर कधी लागले नाहीत त्याने सात लावले, तर चौकात जल्लोष होतो. थर तेच सात. फरक लोकांच्या मनातल्या अपेक्षेत आहे.

फिफाची क्रमवारी हेच करते. प्रत्येक संघाच्या खात्यावर काही गुण असतात, जगातल्या अव्वल संघांचे २००० च्या आसपास आणि दुबळ्या संघांचे १००० च्याही खाली. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतला फरक पाहून कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची हे ठरतं. सामना झाल्यावर प्रत्यक्ष कामगिरी मोजतात. कामगिरी अपेक्षेपेक्षा जास्त भरली तर गुण वाढतात, कमी भरली तर घटतात.

अपेक्षेचं सूत्र घातांकाचं आहे, पण ते पाठ करायची गरज नाही. पुढचे आकडे जवळ ठेवले की काम भागतं. दोन्ही संघांचे गुण सारखे असतील तर दोघांकडून अपेक्षा ५० टक्के. १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ संघाकडून ६४, २०० चा असेल तर ७६, ३०० चा असेल तर ८५, ४०० चा असेल तर ९१ आणि ५०० चा असेल तर ९५ टक्के. उरलेले टक्के दुबळ्या संघाचे.

घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाच्या गुणांत १०० वाढवूनच हा फरक काढतात. आपल्या प्रेक्षकांसमोर, आपल्या हवेत, प्रवासाचा शीण नसताना खेळणं सोपं जातं, म्हणून घरच्या संघाकडून अपेक्षाही जास्त. तिसऱ्याच देशात सामना असेल तर कोणालाच हे १०० मिळत नाहीत. घरी बसून हिशोब करणारे सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

कामगिरी कशी मोजतात

कामगिरीचे आकडे ठरलेले आहेत आणि ते थोडे चमत्कारिक वाटतील. १-१ बरोबरी झाली तर दोघांना ५० टक्के. ०-० झाली तर दोघांना फक्त ४७. म्हणजे गोल न होणाऱ्या बरोबरीत दोघांचे मिळून सहा टक्के हवेत विरतात. गोल करायला प्रोत्साहन मिळतं हाच याचा परिणाम, आणि आमच्या मते तो योग्य आहे.

हरणाऱ्या संघाला किती मिळतं? ०-१ ने हरल्यास १५ टक्के, १-२ ने हरल्यास १६, ०-२ ने हरल्यास ८, ०-३ ने हरल्यास ४. सहा किंवा त्याहून जास्त गोलांनी, एकही गोल न करता हरल्यास १ टक्का. १०० मधून हे वजा केलं की जिंकणाऱ्याची कामगिरी मिळते. एका गोलाची हार आणि दोन गोलांची हार यांत जवळजवळ निम्म्याचा फरक आहे. त्यामुळे ०-१ ने मागे असलेल्या संघाने शेवटच्या दहा मिनिटांत बचाव सैल सोडून बरोबरीसाठी धावावं का, हा प्रशिक्षकासमोरचा खरा प्रश्न असतो. बरोबरी साधली तर १५ चे ५० होतात, आणि दुसरा गोल बसला तर १५ चे ८.

पेनल्टी शूटआऊटमध्ये निकाल लागला तर क्रमवारीसाठी तो सामना बरोबरीचाच. २०२४ च्या सॅफ स्पर्धेत, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत, काठमांडूला भारत उपांत्य सामन्यात नेपाळकडून शूटआऊटमध्ये हरला. स्पर्धेतून बाहेर पडला, पण क्रमवारीच्या वहीत तो सामना १-१.

आता शेवटची गोष्ट, सामन्याचं वजन. मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १५. आशियाई चषकासारख्या खंडीय स्पर्धेच्या पात्रता फेरीचं ३०. खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीचं, तसंच विश्वचषक आणि ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीचं ४५. विश्वचषक आणि ऑलिम्पिकच्या सामन्यांचं ६०. जगातल्या पहिल्या दहांतले दोन संघ मैत्रीपूर्ण सामना खेळले तर १५ ऐवजी ३०, पण आपल्याला त्याची सध्या गरज पडत नाही.

कामगिरीतून अपेक्षा वजा करा आणि येईल त्याला वजनाने गुणा. झाला हिशोब.

एक सामना मांडून पाहू

समजा आपल्या संघाचे १३०० गुण आहेत, प्रतिस्पर्ध्याचे १४५०. सामना त्यांच्या मैदानावर, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा, म्हणजे वजन ३०. त्यांच्या गुणांत घरचे १०० मिळवले की फरक २५० झाला. या फरकाला आपल्याकडून अपेक्षा १९ टक्के, त्यांच्याकडून ८१.

आपण २-१ ने जिंकलो, तर आपली कामगिरी ८४ टक्के. ८४ वजा १९ म्हणजे ६५ टक्के, ते गुणिले ३०, म्हणजे साडेएकोणीस गुण मिळाले. त्यांचे तेवढेच गेले. १-१ बरोबरी झाली तर आपल्याला ९.३ गुण. ०-० झाली तर ८.४, आणि त्यांचे जातात १०.२. ते मघाचे सहा टक्के इथे १.८ गुण होऊन गळालेले दिसतात.

आता हरण्याची बाजू पाहा. १-२ ने हरलो तर १६ वजा १९, म्हणजे एक गुणसुद्धा पूर्ण जात नाही, ०.९ जातो. ०-६ ने हरलो तर ५.४ जातात. बलाढ्य संघाच्या मैदानावर जाऊन खेळण्यात जोखीम पाच-साडेपाच गुणांची आणि मिळकतीची शक्यता वीस गुणांची.

ही नुसती कल्पना नाही. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला भारताने थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेव्हा क्रमवारीत थायलंड ४६ वा होता आणि भारत ७० वा. त्यानंतर ऑगस्टमध्ये जी यादी आली तिच्यात भारत ६३ व्या क्रमांकावर होता.

हरूनही गुण वाढतात, हे कसं शक्य आहे?

वरच्या सूत्रातून ते आपोआप निघतं. प्रतिस्पर्धी ४०० गुणांनी वरचढ आहे आणि मैदान तिसऱ्याचं आहे असं धरा. आपल्याकडून अपेक्षा ९ टक्के. आपण ०-१ ने हरलो, कामगिरी १५ टक्के. अपेक्षेपेक्षा सहा टक्के जास्त. आशियाई चषकाच्या मुख्य फेरीत, ४५ वजनाने, हरूनही २.७ गुणांची भर. जिंकलेल्या संघाची अपेक्षा ९१ आणि कामगिरी ८५, त्यामुळे त्यांचे २.७ कमी.

यावर हमखास आक्षेप येतो की मग जिंकण्याला अर्थ काय राहिला? स्पर्धेत पुढे जायला जिंकावंच लागतं, तिथला तक्ता वेगळा आहे. क्रमवारी संघाची ताकद मोजायचं साधन आहे, आणि जपान किंवा ऑस्ट्रेलियासारख्या संघाला एका गोलावर रोखून धरणारा संघ खरोखरच कालपेक्षा बरा खेळलेला असतो. पुरुषांच्या क्रमवारीत २०१८ पासून वेगळी पद्धत आहे, तिथे किती गोलांनी हरलात हे मोजत नाहीत. महिलांची पद्धत आम्हाला जास्त प्रामाणिक वाटते.

अर्थात तिच्याही मर्यादा आहेत. २५ नोव्हेंबर २०२१ ला ब्राझीलमध्ये मनाउसला भारत ब्राझीलकडून १-६ ने हरला. भारताचा तो एक गोल मनीषा कल्याणचा. ०-६ ने हरल्यास कामगिरी १ टक्का, १-६ ने हरल्यास २.६ टक्के. फरक १.६ टक्क्यांचा, वजन १५. म्हणजे त्या गोलची क्रमवारीतली किंमत पाव गुणाहूनही कमी. ब्राझीलच्या वरिष्ठ संघाविरुद्ध, त्यांच्या घरी, भारताच्या मुलीने केलेला गोल! त्याची खरी किंमत पुढच्या वर्षी दिसली. मनीषा सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, आणि तिथे खेळणारी ती पहिली भारतीय ठरली.

मग दुबळ्या संघांना बोलावून हरवत राहू या

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. करून पाहू. आपल्यापेक्षा ४०० गुणांनी मागे असलेला संघ आपल्या मैदानावर बोलावला. घरचे १०० धरून फरक ५००, आपल्याकडून अपेक्षा ९५ टक्के. मैत्रीपूर्ण सामना, वजन १५. आपण ३-० ने जिंकलो, कामगिरी ९६, मिळाले ०.१५ गुण. ६-० ने जिंकलो, कामगिरी ९९, मिळाले ०.६. आणि १-० ने जिंकलो तर कामगिरी ८५, म्हणजे जिंकूनही दीड गुण गेला.

सहा गोलांनंतर तर काहीच वाढत नाही. २०१० च्या सॅफ स्पर्धेत बांगलादेशात कॉक्स बझारला भारताने भूतानला १८-० हरवलं होतं. कामगिरीच्या तक्त्यात १८-० आणि ६-० एकच. हा नियम चांगला आहे. तो नसता तर देशोदेशीचे महासंघ फक्त मोठ्या आकड्यांची शिकार करत फिरले असते.

खरा फायदा आपल्यापेक्षा १०० ते ३०० गुणांनी पुढे असलेल्या संघांशी, शक्यतो त्यांच्या देशात जाऊन, वारंवार खेळण्यात आहे. त्याला पैसा लागतो, लीगचे सामने थांबवून खेळाडू मोकळ्या कराव्या लागतात, आणि दोन-तीन मोठे पराभव वर्तमानपत्रात छापून आले तरी कार्यक्रम बदलायचा नाही इतका धीर लागतो. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

काहीच खेळलो नाही तर?

गुण तिथल्या तिथे राहतात, पण क्रमांक राहत नाही. सकाळच्या पनवेल लोकलमध्ये दाराजवळच्या गर्दीत तुम्ही हललाच नाहीत, तरी दर स्टेशनला माणसं चढतात-उतरतात आणि तुमची जागा बदलते. यादीच्या मधल्या भागात, जिथे भारत असतो, तिथे संघांची अशीच दाटी आहे. तिथे थोड्याशा गुणांनी चार-पाच जागा वर-खाली होतात. अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला तेवढ्या गुणांनी एकही जागा हलत नाही. म्हणून ‘सहा क्रमांकांनी घसरण’ अशी बातमी आली की आधी गुणांचा रकाना पाहावा. गुण तेवढेच असतील तर संघ घसरलेला नाही, शेजारचे पुढे गेले आहेत.

फार काळ न खेळणाऱ्या संघाचं नावच यादीतून काढतात. २००९ च्या सुमारास ही मुदत १८ महिन्यांची होती. जून २००९ मध्ये भारताचं नाव असंच गेलं. संघ हरत होता म्हणून नाही, संघ मैदानात उतरतच नव्हता म्हणून. भारतीय महिला फुटबॉलच्या नोंदवहीतलं ते सर्वांत वाईट पान आहे असं आम्ही मानतो. १९९८ च्या एशियाडमध्ये चीनकडून ०-१६ अशी हार झाली होती, तिच्यापेक्षाही ते वाईट. ०-१६ मध्ये निदान अकरा मुली मैदानावर होत्या.

पुढच्याच वर्षी पहिली सॅफ स्पर्धा झाली आणि भारताने ती जिंकली. २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९ ची सॅफ स्पर्धाही भारताचीच. याच काळात, २०१३ च्या अखेरीस, भारत क्रमवारीत ४९ वा होता. तो आजवरचा सर्वांत वरचा क्रमांक. तरी त्या ४९ ला फार कवटाळू नये. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या एशियाडमध्ये, भारताने मालदीवला १५-० हरवलं आणि दक्षिण कोरिया व थायलंड या दोघांकडून ०-१० अशी हार पत्करली. दक्षिण आशियातलं वर्चस्व आणि आशियातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या हे त्या तीन निकालांनी उघड केलं. २०२२ आणि २०२४ च्या सॅफ स्पर्धा बांगलादेशने जिंकल्या, म्हणजे आता ते वर्चस्वही गृहीत धरता येत नाही.

नेरुळचा नाहीसा झालेला सामना

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. २०२२ चा आशियाई चषक नेरुळ, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी या तीन ठिकाणी झाला. चार-चार संघांचे तीन गट. भारताच्या गटात चीन, चिनी तैपेई आणि इराण. कोविडची तिसरी लाट भरात होती, म्हणून सगळे संघ बाहेरच्यांशी संपर्क नसलेल्या सुरक्षा कड्यात राहत होते.

इराणविरुद्ध ०-० झाल्यावर तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, चिनी तैपेईशी सामना होता. त्या दिवशी भारताच्या बारा किंवा त्याहून जास्त खेळाडू बाधित निघाल्या. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सामना खेळायला गोलरक्षकासह किमान १३ खेळाडू उपलब्ध हव्यात. तेवढ्या उरल्या नाहीत. सामना झाला नाही, आणि कोविडसाठी केलेल्या खास नियमाने भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं मानलं गेलं.

माघार घेतलेल्या संघाचे आधी झालेले सगळे सामने रद्दबातल धरायचे, असा नियम. म्हणून इराणबरोबरची बरोबरी तक्त्यातून गेली आणि २६ जानेवारीचा चीनविरुद्धचा सामना झालाच नाही.

‘हे अन्यायाचं नाही का? उरलेल्या दोन सामन्यांत ०-३ अशी हार द्यायची होती, पण खेळलेली बरोबरी तरी ठेवायची.’ भारताच्या बाजूने हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण इराणच्या जागी उभं राहून पाहा. त्यांनी भारताशी नव्वद मिनिटं झुंजून एक गुण मिळवला, आणि चीन व चिनी तैपेईला न खेळता तीन-तीन गुण आणि तीन-तीन गोल मिळाले असते. त्यापेक्षा गट तीनच संघांचा होता असं धरणं इतरांसाठी जास्त समान ठरतं.

त्यातून पुढची गुंतागुंत निघाली. तीन गटांतल्या पहिल्या दोघांबरोबर तिसऱ्या क्रमांकाचे दोन सर्वोत्तम संघही उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. एका गटात प्रत्येकी दोनच सामने आणि बाकी दोन गटांत तीन-तीन, मग तुलना कशी करायची? शाळेत एका तुकडीचा एक पेपर रद्द झाला तर गुणवत्ता यादी लावताना बाकी तुकड्यांचाही तो पेपर वगळतात, तसं केलं. दुसऱ्या दोन गटांतल्या तिसऱ्या संघांनी आपल्या गटातल्या चौथ्या संघाविरुद्ध मिळवलेले गुण तुलनेतून वगळले.

भारताचं यात काय गेलं ते नीट समजून घ्यायला हवं. आशियात महिलांच्या विश्वचषकासाठी वेगळी मोठी पात्रता फेरी नसते, आशियाई चषक हीच ती फेरी. २०२२ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठपैकी ऑस्ट्रेलिया २०२३ च्या विश्वचषकाचा सहयजमान म्हणून आधीच पात्र होता. उरलेल्या सातपैकी पाच संघ थेट विश्वचषकाला गेले आणि दोघांना दुसऱ्या खंडांतल्या संघांशी प्लेऑफ खेळायची संधी मिळाली. म्हणजे गटात तिसरं येऊनही दार उघडं होतं. व्हिएतनाम याच वाटेने, आणि फिलिपिन्स गटात दुसरा येऊन, पहिल्यांदा विश्वचषकाला पोहोचले. भारत त्या आठांत आला असता असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण प्रयत्न करण्याची जागा घरच्या मैदानावर होती आणि ती तापाने गेली. ६ फेब्रुवारीला नेरुळलाच चीनने ०-२ अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ हरवून चषक उचलला.

यजमानाला या स्पर्धेत आपोआप प्रवेश असतो. म्हणून २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी चियांग माईत मिळवलेल्या पात्रतेचं मोल वेगळं आहे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात शिरण्याची भारताची ती पहिलीच वेळ.

तक्त्यातले गोल आणि क्रमवारीतले गोल

त्याच पात्रता फेरीत भारताने मंगोलियाला १३-० हरवलं, पूर्व तिमोरला ४-० आणि इराकला ५-०. क्रमवारीच्या हिशोबात मंगोलियाविरुद्धच्या सहानंतरच्या सात गोलांना किंमत नव्हती. पण गटाच्या तक्त्यात प्रत्येक गोल मोलाचा होता. शेवटच्या सामन्याआधी भारत आणि थायलंड दोघांचे ९ गुण आणि दोघांचा गोलफरक २२. मंगोलियाविरुद्ध दहा गोल झाल्यावर मुली सैल पडल्या असत्या, तर चियांग माईत भारताला बरोबरीही पुरली नसती आणि पहिल्या मिनिटापासून दडपण वाढलं असतं. दोन वह्या वेगळ्या आहेत. एक सामना दोन्हींत लिहिला जातो, पण वेगळ्या भाषेत.

‘आपण एकेकाळी आशियात दुसरे होतो’

खरं आहे. १९७९-८० ची कोळिकोडची आणि १९८३ ची बँकॉकची, या दोन आशियाई स्पर्धांत भारत उपविजेता होता. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा. कोळिकोडला तर यजमान भारताचे दोन संघ उतरले होते.

त्या यशाला कमी लेखायचं कारण नाही. साडी किंवा पंजाबी ड्रेसमधली मुलगी मैदानात दिसणंही दुर्मिळ होतं त्या काळात या मुली अर्ध्या विजारीत देशासाठी खेळल्या. पण तुलना करताना मैदानात कोण नव्हतं तेही पाहावं. चीन पहिल्यांदा १९८६ मध्ये या स्पर्धेत आला आणि आला तोच जिंकून गेला. नंतर चीन, जपान आणि दोन्ही कोरियांनी शाळांपासून संघ बांधले, मुलींना वर्षभर सामने दिले. आपल्याकडे मुलींची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१७ चा जानेवारी उजाडावा लागला. आपण मागे गेलो त्यापेक्षा बाकीचे पुढे गेले आणि आपण उभे राहिलो असं म्हणणं जास्त बरोबर.

‘क्रिकेटच्या मुली जगज्जेत्या, मग फुटबॉलच्या ६३ व्या का?’

२०२५ च्या महिला क्रिकेट विश्वचषकात आठ संघ होते. महिला फुटबॉलच्या क्रमवारीत १९० हून जास्त संघ आहेत. ऑगस्ट २०२५ मधला ६३ वा क्रमांक म्हणजे यादीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात. नेरुळच्या त्या रात्रीचा आनंद याने तसूभर कमी होत नाही, पण दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. क्रिकेटच्या मुलींना आधी बीसीसीआयचे करार मिळाले, मग महिलांची प्रीमियर लीग आली, मग चषक आला. फुटबॉलमध्ये हा क्रम अजून सुरुवातीलाच आहे.

खेळाडूंच्या नोंदी का जुळत नाहीत

ऑक्टोबर २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध आशालता देवी भारतासाठी शंभरावा सामना खेळली. अशी ती पहिली भारतीय महिला. त्याच सामन्यात बाला देवीने पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल केला. तरी दोन ठिकाणी पाहिलंत तर एखाद्या खेळाडूचे सामने किंवा गोल वेगवेगळे आढळतील. त्याची कारणं साधी आहेत. कोणी क्लबविरुद्धचा सराव सामना धरतं, कोणी धरत नाही. कोणी कनिष्ठ संघातले गोल मिसळतं. शूटआऊटमधली पेनल्टी गोलांत धरायची नसते, ती काही जण धरतात. आणि १९७५ ते १९९० च्या काळात महिला फुटबॉलचा कारभार वेगळ्या संघटनेकडे होता. तेव्हाच्या कित्येक सामन्यांच्या खेळाडू-याद्या एकत्र अशा ठेवल्याच गेल्या नाहीत.

घरी वही ठेवायची असेल तर प्रत्येक सामन्यापुढे सात गोष्टी लिहाव्यात: तारीख, गाव, मैदान कोणाच्या घरचं की तिसऱ्याचं, स्पर्धेचा प्रकार, सामन्याआधीचे दोन्ही संघांचे गुण, नव्वद किंवा एकशे वीस मिनिटांचा निकाल, आणि शूटआऊट झालं असल्यास ते वेगळ्या रकान्यात. गुण फिफाच्या संकेतस्थळावर प्रत्येक यादीबरोबर मिळतात. शाळकरी मुलीला मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर घेऊन हा हिशोब दहा मिनिटांत येतो. तिने काढलेला आकडा आणि पुढच्या यादीतला आकडा यांत फरक पडला, तर आधी घरच्या मैदानाचे १०० योग्य संघाला दिलेत का ते पाहावं. तो बरोबर असेल, तर एखादा मैत्रीपूर्ण सामना अधिकृत नव्हता का, हे तपासावं.